आधी मानेचा एक्स-रे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी नको ते बोलले. ‘हे माकडचाळे बंद कर’ म्हणाले आणि तू फोन ठेवलास. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रागवायला लिहीत नाहीये. पण नाटकाच्या तालमीत शिडीवरून पडून आज पाच दिवस झाले, मान वळत नाही आणि तू म्हणतोस, नुसती लचकलीय. एक्स-रे काढलास का?

मूकपटातल्या त्या विनोदवीर बस्टर कीटनसारखं पडायचं होतं ना तुला? मग त्याचंच ऐक. १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये तो रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो आणि पाण्याच्या लोटाने खाली आपटतो. मान रुळावर आदळली. डोकं ठणकत होतं, तरी काम करत राहिला. मानेचं हाड तेव्हा मोडलं होतं, हे कित्येक वर्षांनी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं. त्यालाही लचकलीय असंच वाटलं असेल.

आणि मूकपटातलाच तुझा लाडका हॅरॉल्ड लॉइड. १९१९ मध्ये खोटा समजून धरलेला बॉम्ब हातात फुटला, उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट गेलं. तसल्या हाताने १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये तो उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लटकला. पण खाली मचाण बांधून गाद्या टाकल्या होत्या रे. तुमच्या तालमीत शिडीखाली काय होतं?

बघ, लागले पुन्हा शिकवायला. चुकलं.

आमच्या शाळेच्या पटांगणात पडदा बांधून चॅप्लिनचा मूकपट ‘गोल्ड रश’ दाखवला होता, तेव्हा मी सात वर्षांची. अण्णांनी आजीलाही नेलं. तिला अक्षरओळख नव्हती, आणि पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या आम्हाला तरी कुठे कळत होत्या! चॅप्लिन उकडलेला बूट खातो, नाड्या शेवयांसारख्या काट्याला गुंडाळतो, खिळे हाडासारखे चोखतो. पटांगण लोळत होतं. आजीही हसली, मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, ‘अगं, उपाशी आहे गं तो.’ घरी येताना वाटभर ती बहात्तरच्या दुष्काळातल्या सुकडीबद्दल बोलत होती. एरवी कधी बोलायची नाही.

चार वर्षांचा असताना तू त्याच बुटाला हसलास. परवा चिऊ हसली, आबांच्या मांडीवर उड्या मारत. बूट शंभर वर्षांचा झाला, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून मागच्या प्रयोगात तू पायरीवरून घसरलास आणि पुढच्या रांगेतले आजोबा आणि नातू एकदम हसले, तेव्हा मला रडू आलं. हे तुला सांगितलं नव्हतं. कीटन डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतो, म्हणून त्याचं पडणं खोटं वाटत नाही, हे तूच मला दाखवलंस. माकडचाळे म्हणाले ते मागे घेते.

पण पाचवीत हात मोडला तेव्हाही दोन दिवस दप्तर डाव्या हाताने नेत होतास. मला कळलंच नाही. आईला कळू नये? ते अजून टोचतं.

बाबांना पडल्याचं सांगितलेलं नाही. शनिवारच्या गाडीने डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवतेय. जड आहे, खांद्याला अडकवू नकोस, विशालला सोबत ने. त्याआधी एक्स-रे काढ आणि फोटो मला पाठव.

तुझी आई