चार दिवस सेलमला होतो, दत्ता

विटा,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,

आधी कबुली देतो, बाकीचं नंतर. या महिन्याच्या सुरुवातीला मी सेलमला होतो. दोन तारखेपासून पाचपर्यंत, चांगले चार दिवस. तुझ्या दुकानापासून पाच-सहा किलोमीटरवर गाडी उभी होती आणि मी आलो नाही. फोनसुद्धा केला नाही. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसलोय. फोनवर बोललो असतो तर तू मध्येच "सोड रे" म्हणाला असतास आणि मीही लगेच सोडून दिलं असतं.

घरचे सगळे बरे. आईची साखर तेवढीच आहे, माझी कंबरही आहे तशीच.

ट्रकमध्ये साखर भरून तमिळनाडूत उतरलो होतो. महिनाअखेर होती, कारखान्याला सरकारी कोट्यातला माल काढायचा होता, त्यामुळे जाताना भाडं बरं लागलं. जाताना कधी अडत नाहीच, अडतं ते परतताना. तोप्पूर घाट तुझ्या पद्धतीनं उतरलो, गिअरवर, ब्रेकला जपून. सकाळी गाडी खाली झाली, दुपारी परतीच्या मालासाठी एजंटकडे नंबर लावला. पुढं सतरा गाड्या. म्हटलं नवरात्र तोंडावर आलंय, आपल्याकडं शाबू लागणारच, दोन दिवसांत हलेल. पण माल कमी आणि गाड्या जास्त. मोबाईलवरच्या ॲपवर बघावं तर तिथंही तोच माल दोन-दोन, तीन-तीन दलालांच्या नावानं फिरतोय, प्रत्येकाचं कमिशन वेगळं.

पहिल्या दिवशी सांगलीसाठी टनाला १,६५० म्हणाले. मी २,००० वर बसलो. तुला माझी वही माहीत आहे. सेलम ते सांगली साडेआठशे किलोमीटर. भरलेली गाडी चारचा ॲव्हरेज देते, म्हणजे २१२ लिटर डिझेल, साडेएकोणीस हजार. निपाणीच्या बाजूला टाकी भरून चार पैसे वाचायचे, तेही कर्नाटकानं एप्रिलमध्ये कर वाढवून लिटरला दोन रुपये चढवल्यापासून राहिलं नाही. टोल ४,८००. क्लीनर आणि जेवणखाण दीड हजार, टायर-ऑइलची झीज दोन हजार. झाले २७,८००. यात हप्ता नाही, विमा नाही, पासिंग नाही. ते सगळं धरलं तर गाडी नुसती उभी राहिली तरी दिवसाला दोन हजार खाते. १९ टनांवर वाटलं तर टनाला शंभराच्या वर. म्हणजे एक दिवस थांबून भाव शंभरानं वाढला नाही तर थांबलो ते पाण्यात.

आणि रिकामी आणायची म्हटलं तरी टोल तेवढाच. रिकामी साडेपाच देते, तरी डिझेल-टोल मिळून १९ हजार पदरचे. ही खरी मेख आहे. दलालाला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. खिशातून १९ हजार घालवण्यापेक्षा हा पडेल त्या भावात भरणार, हे तो आपल्या चेहऱ्यावरून वाचतो.

तीन तारखेच्या रात्री जीएसटीची बातमी आली. नव्या ट्रकवरचा २८ टक्क्यांचा १८ होणार, २२ तारखेपासून. स्टँडवर पोरं खूश झाली, नामक्कलची दोघं तर तिथंच नव्या गाडीचा हिशेब करायला लागली. दत्ता, मला त्या रात्री झोप लागली नाही. मला २०१८ चा जुलै आठवला. एका आदेशात दहा चाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८ टनांच्या वर नेलं. कारखान्यातून पोतं एक जादा निघालं नाही, पण देशातल्या प्रत्येक दहा चाकीत तीन टनांची जागा वाढली. आपण दोघांनी कोगनोळी नाक्यावर पेढे वाटले होते. पुढच्या वर्षी भाड्यांचं काय झालं ते तुला सांगायला नको. आता गाड्या सात-आठ टक्क्यांनी स्वस्त झाल्या आणि माल तेवढाच राहिला तर नंबरला सतरा नाही, तीस गाड्या उभ्या दिसतील. आणि माझ्या आठ वर्षांच्या जुन्या गाडीला कोण विचारील? अजून बावीस हप्ते बाकी आहेत. हे घरात बोललो नाही. तुलाच सांगतोय.

आता मूळ गोष्ट. चौथ्या दिवशी सकाळी मी १,५५० ला हो म्हणायचं ठरवून एजंटकडे गेलो. तर तो माल रात्रीच गेला होता, १,४५० नं. कुणी उचलला? बाळूनं. आपल्या बाळूनं. तुझ्या गाडीवर क्लीनर म्हणून आलेला, स्टेअरिंगखाली झोपणारा बाळू. मी पायरीवरच होतो आणि तो आतून मालाची बिल्टी घेऊन बाहेर आला. मला बघून थबकला. हातातली बिल्टी पाठीमागं नेली, शाळेतल्या पोरासारखी. म्हणाला, "काका, सोमवारी हप्ता आहे. चेक परत गेला तर गाडी उचलतील."

१९ टनांचे २७,५५० होतात. माझ्या वहीप्रमाणे चालवायचा खर्चसुद्धा निघत नाही. पण रिकामी नेण्यापेक्षा ते बरं, आणि आगाऊ हातात पडतात. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी म्हटलं, "दोऱ्या नीट आवळ, पावसाची हवा आहे." एवढंच.

तो गेल्यावर मी गाडीत जाऊन बसलो आणि मला होसूर आठवलं. २०१९. तू चौतीस हजारांवर अडून बसला होतास, एजंट नरमला होता, संध्याकाळपर्यंत हो म्हणणार होता. मी तुला "चहा घेऊन येतो" म्हणालो आणि आत जाऊन एकतीसला गाडी लावली. तू तीन दिवस आणखी थांबलास आणि शेवटी रिकामा आलास. नंतर म्हणालास, "भाडं नेलंस त्याचं काही नाही संभा, भाव पाडलास." सात महिने बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरलो की दत्त्याला धंदा कळत नाही, ताठा कळतो. पुढं लॉकडाऊन, मग तुझी गाडी गेली, मग मेव्हण्याच्या गलाईत, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, तू सेलमला. माझ्या त्या तीन हजारांनी तुझी गाडी गेली असं नाही, हे मलाही कळतं. पण पहिला चुकलेला हप्ता त्याच महिन्यातला होता, हे मला तुझ्या वहिनीनं सांगितलंय. बाळूनं निदान तोंडावर सांगितलं. मी तर चहाचं निमित्त केलं होतं. हे डोक्यात असताना तुझ्या दारात कुठल्या तोंडानं येणार होतो? माझं चुकलं, दत्ता. सहा वर्षांनी म्हणतोय.

परत कसा आलो तेही ऐक, कारण त्यातही तूच आहेस. तू म्हणायचास, माल निघतो तिथं विचारू नको, उतरतो तिथं विचार. विट्याच्या किराणा दुकानात शाबूचं पोतं उलटं करून त्यावर छापलेलं गाव वाचत बसायचास, आठवतं? तुझी सगळी तमिळ 'जव्वरिसी'पाशी सुरू होऊन तिथंच संपायची आणि तेवढ्यावर तू अख्ख्या आत्तूरमध्ये भाडं शोधून यायचास! मी फोन काढला आणि इचलकरंजीला सायझिंगवाल्या अण्णांना लावला. म्हटलं, अण्णा, सुताला लावायला स्टार्च कुठून आणता? म्हणाले, तुझ्या सेलमकडूनच, पण गाडी कंपनी ठरवते, आम्हाला दर पोचचा, भाड्यासकट लागतो. अर्ध्या तासात त्यांनी कारखान्यात बोलून दिलं. दहा टन स्टार्च, २,१०० नं, मध्ये दलाल नाही. मग सांगलीच्या यार्डातल्या व्यापाऱ्याला फोन. त्याचा आठ टन शाबू पूर्ण गाडीचा होत नाही म्हणून चार दिवस पडून होता. २,००० नं तो घेतला. ३७ हजार झाले. दोन ठिकाणी भरणं, दोन ठिकाणी उतरणं, दोन ई-वे बिलं, हमाली-वाराई दोनदा, एक दिवस जादा. शाबू कोरडा राहावा म्हणून ताडपत्री दुहेरी टाकली, वरची तुझ्या गाडीवरचीच, तू देऊन टाकलेली. कोपऱ्यात तुझ्या हातचे टाके अजून शाबूत आहेत. चार दिवसांचं थांबणं धरलं तर हातात फारसं उरलं नाही, पण भाव पाडून आलो नाही.

प्रत्येक वेळी हे जमेल असं नाही. सायझिंगवाले सांगतात, यंत्रमागच बंद पडले तर स्टार्च कुठं लावायचा. पण परतीच्या मालाची यादी घरूनच करून निघायची, एवढं ठरवलंय. विट्यापासून इचलकरंजीपर्यंत तुमच्या बाजूचा माल कोण कोण मागवतो ते लिहून काढतोय. बाळूलाही बोलावलंय रविवारी, त्याची गाडी आणि माझी, दोन्हींसाठी मिळून विचारलं तर व्यापारी ऐकेल. तू त्याला एक फोन कर. तो तुझं ऐकतो, माझ्यापुढं मान खाली घालून बसतो.

तुझं काय? सोनं लाखाच्या वर गेलंय, जुन्या दागिन्यांची मोड येते का बाजारात की लोक धरून बसलेत? मुलीचं कॉलेज सुरू झालं असेल. वहिनींना नमस्कार.

आणि एक काम. आत्तूरच्या रस्त्याला स्टार्चचे कारखाने आहेत, तिथं तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर महिन्याला इकडं किती माल येतो एवढंच विचारून ठेव. मी पुढच्या कोट्याची साखर घेऊन ३० तारखेला निघतोय. गाडी खाली झाली की नंबर लावायच्या आधी तुझ्याकडं येतो. शेंगाची चटणी आणतोय, आईनं आत्ताच कुटायला घेतलीय. तुला राग काढायचा असेल तर तेव्हा काढ, मी बसून ऐकून घेईन.

तुझा,
संभा