एक्क्यांची जोडी आणि आगाप छाटणी

सॅन होजे,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. जेवण, तब्येत, ऑफिस हे सगळं रोज फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. हे पत्र माझ्या पत्ते खेळतानाच्या त्या फोटोबद्दल आहे. "पोरगी तिकडं जुगार खेळतीय" असं मामा म्हणाला आणि आई, तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, हे मला बाळ्याने सांगितलं. फोनवर समजवायला जावं तर तू रडतेस आणि बाबा फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. बाळ्या, मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

आधी पैशांचं. सनीव्हेलला ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या घरी महिन्यातून दोन शुक्रवारी आम्ही सात-आठ जण पोकर खेळतो. प्रत्येकाचे २० डॉलर, ते संपले की उठायचं. आई, लगेच रुपयांत हिशोब करू नकोस. इथे दोघींनी बाहेर जेवलं तरी त्याहून जास्त होतात. जानेवारीपासून माझे सगळे मिळून ११० डॉलर गेलेत. कॅसिनोत मी पाऊल टाकलेलं नाही. नियम एकदाच मोडला, तेही पुढे लिहिते.

बाबा, हा खेळ तुम्हाला दहा मिनिटांत येईल. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं. या सातांतल्या कुठल्याही पाच पानांनी ज्याचा डाव मोठा, पैसे त्याचे. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे किंवा पानं टाकून गप्प बसायचं.

यातली एक पद्धत मात्र मला कितीतरी दिवस कळत नव्हती. इथली माणसं हरली की टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. दार वाजवतो ना, तसं. गोंधळ असा की खेळताना टकटक केली तर तिचा अर्थ "मी आत्ता पैसे लावत नाही, पुढच्याने बोला" असा होतो. तीच टकटक डाव संपल्यावर केली तर अर्थ "छान खेळलास". ती करतो हरलेला, जिंकलेल्यासाठी. समोरच्याने अगदी भिकार पानांवर याचे सगळे पैसे ओढून नेले तरी करतो. पहिल्यांदा मला वाटलं, राग काढतायत. आपल्याकडे गणपतीच्या जागरणात मेंढीकोटला कोट बसला की काका पानं भिरकावून उठतात, मग रात्रभर भिडूचा उद्धार चालतो. इथे दोनदा टकटक, आणि पुढची पानं पिसायला घेतात.

मार्चमध्ये ती टकटक माझ्यावर आली. मला एक्क्यांची जोडी आली होती, इस्पिकचा आणि बदामचा. ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर राजांची जोडी. दोघांनीही पान उघडायच्या आधीच सगळे पैसे मधे सारले. अशा वेळी शंभरात ८१-८२ वेळा एक्के जिंकतात. चार पानं उघडली, काही झालं नाही. पाचवं पान चौकटचा राजा. त्याचे तीन राजे झाले, माझी जोडी हरली. मी टकटक केली खरी, पण हात थरथरत होता. त्याच तिरीमिरीत आणखी २० डॉलर काढले आणि अर्ध्या तासात राणी-सत्तीसारख्या पानांवर घालवले. मोडलेला नियम तो हा. डोकं फिरून खेळण्याला इथे 'टिल्ट' म्हणतात.

घरी येऊन मी वही काढली. बाबा, तुमची द्राक्षबागेच्या छाटणी-फवारणीची वही आहे ना, तशीच मी या खेळाची ठेवलीय. त्या रात्री लिहिलं: पहिले वीस गेले त्यात चूक नाही, तीच पानं पुन्हा आली तरी असंच खेळायचं. दुसरे वीस पूर्ण माझी चूक.

याच्या उलट मे महिन्यात घडलं. माझ्याजवळ दोन बदाम, मधे दोन बदाम. एकाच रंगाची पाच पानं म्हणजे मोठा डाव, पाचवा आला की जिंकले. एकच पान उघडायचं राहिलं होतं. न दिसलेल्या ४६ पानांत माझ्या कामाची ९, म्हणजे पाचात जेमतेम एकदा. मधे ६ डॉलर होते, समोरच्याने आणखी ६ लावले, मीही ६ टाकले. बदाम आला! सगळ्यांनी टकटक केली, मैत्रिणीने पाठ थोपटली. पण हिशोब करा बाबा: पाचदा असं केलं तर चारदा सहा-सहा, म्हणजे २४ जाणार आणि एकदा १२ येणार. वहीत मी त्या डावापुढे लाल फुली मारली. जिंकलेल्या डावाला फुली मारायला किती जड जातं, तुम्हाला सांगते!

इथे डॉयल ब्रन्सन नावाचे मोठे खेळाडू होऊन गेले. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव त्यांनी दश्शी-दुर्रीवर जिंकला. त्या जोडीला अजून त्यांचंच नाव आहे. दोनदा लागली म्हणून दश्शी-दुर्री चांगली पानं होत नाहीत, हे मला त्या फुलीनंतर कळलं.

बाबा, आता जे लिहिते ते लिहायला मला सहा महिने लागले. गेल्या वर्षी तुम्ही आगाप छाटणी घेतलीत आणि ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला. घडांची गळकूज झाली. बांधापलीकडची उशिरा छाटलेली बाग वाचली. तेव्हा मी इथून फोनवर म्हणाले, "बाबा, एवढी घाई कशाला केलीत?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्यासमोर तेव्हा फक्त पाचवं पान होतं. तुमच्याच वहीत, नऊ वर्षांत सात वेळा आगाप बागेने चांगला दर दिलाय. आमच्या दोघांच्या फिया त्याच दरातून गेल्या. ते मी विचारलं नाही, पाहिलं नाही आणि तुम्हाला बोलले. मला माफ करा.

आई म्हणाली, यंदा सप्टेंबर सरत आला तरी तुम्ही कात्रीला हात लावला नाही, विचारलं की "आता पोरांनाच विचारा" म्हणता. हवामान बघून यंदा उशिराच घ्यायची असेल तर जरूर घ्या, तुम्हाला कळतं. पण मी बोलले म्हणून थांबू नका.

बाकी: सोसायटीच्या हप्त्यासाठी ८०,००० पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. ते पगारातले आहेत आई, पत्त्यांचे नाहीत. बाळ्याची फी मी परस्पर भरते. दिवाळीला यायचं जमत नाहीये. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते, ठाऊक आहे. रजा जानेवारीत मिळतेय, तिकीट बघतेय. फराळ पाठवायची धावपळ करू नकोस, इथे मिळतो. चकल्या तेवढ्या पाठव.

मिरजेच्या स्थळाला पत्रिका द्यायला माझी हरकत नाही. मुलाशी आधी फोनवर बोलेन. मी पत्ते खेळते हे त्यांच्यापासून लपवू नका, फोटो दाखवलात तरी चालेल. त्यावरून नाही म्हणाले तर आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. आणि बाळ्याकडून वहीतल्या गेल्या वर्षीच्या पानांचा फोटो पाठवा, छाटणीच्या तारखेपासून पावसापर्यंतची सगळी पानं. मला ती वाचायची आहेत.

आजीला नमस्कार.

तुमची,
ताई