शून्याचा अर्थ विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. आमच्या नोंदींचा गुंता सोडवायला केलेल्या मदतीचे आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

लसीकरणाच्या नोंदींचा आमचा डेटाबेस जुन्या मायएसक्यूएलवरून (माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) नव्यावर हलवला आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, अडायला लागल्या. एरर एकच, 'इनकरेक्ट डेटटाइम व्हॅल्यू', आणि पुढे ती तारीख: ००००-००-००. जुन्या सेटिंगमध्ये असली तारीख निमूट खपून जायची. ५.७ या आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड (चुकीचं मूल्य नाकारणारी सेटिंग) आणि शून्य तारखेची मनाई मुळातच चालू असतात, ती दोन्ही मिळून तिला दारातच अडवतात. ती शून्यं काढायला लिहिलेली अपडेट क्वेरीसुद्धा त्याच एररवर थांबत होती. कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिलाय, ही यादीच निघेना.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं, त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. एक म्हणाले, स्ट्रिक्ट मोड बंद करा, विषय संपला. दुसरे म्हणाले, सगळ्या शून्यांच्या जागी १ जानेवारी १९७० भरा, क्वेरी पळेल. पळाली असती, खरंच. पण मग लस न मिळालेलं प्रत्येक बाळ 'लस दिली' या खात्यात गेलं असतं, तेही स्वतःच्या जन्माच्या कितीतरी आधी! हे बोलून दाखवलं, तर "तो तुमच्या डेटाचा प्रश्न" एवढंच ऐकायला मिळालं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही क्वेरी उघडण्याआधी विचारलंत, "शून्य भरणाऱ्या माणसाला काय सांगायचं होतं?" आणि नोंदी करणाऱ्या परिचारिकेला फोन लावायला लावलात. त्या बिचकत बोलत होत्या. रकाना मोकळा सोडला तर नोंद सेव्हच होत नव्हती, म्हणून शून्य. डोस द्यायचा राहिला असेल तरी शून्य, आणि डोस दुसरीकडे झालाय पण कार्ड हरवल्यामुळे तारीख ठाऊक नाही, तरीही शून्यच. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. शेवटी म्हणालात, "तुमची नोंद चुकलेली नाही. खरं लिहायला रकान्यात जागाच ठेवली नव्हती."

ताई, 'नोंदी नीट करत नाहीत' हा ठपका त्या बाईंनी वर्षानुवर्षं सोसलाय. तुमच्या त्या दोन वाक्यांनंतर त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या आणि कोणतं शून्य कुठल्या अर्थाचं, हे रजिस्टर काढून एकेक सांगत गेल्या. ती माहिती कुठल्याही क्वेरीतून निघाली नसती. पुढचं काम त्यामानाने सोपं होतं: तारखेला नल, म्हणजे 'काहीच भरलेलं नाही', चालेल असं केलं, आणि कारणासाठी वेगळा रकाना.

एका नोंदीने मात्र सगळ्यांना चकवलं होतं. १४ मार्च २०२१, रात्रीचे अडीच. जन्मानंतर लगेच द्यायच्या डोसची नोंद, दिसायला निर्दोष, तरी अवैध. सर्व्हरची वेळ अमेरिकेतल्या टाइमझोनवर आहे, हे तुम्ही पाहिलंत. तिथे त्या रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळं दोनवरून थेट तीनवर गेली, म्हणजे त्या टाइमझोनमध्ये अडीच वाजलेच नाहीत, आणि टाइमस्टॅम्पचा (तारीख-वेळेचा) रकाना ती वेळ घेईना. तेव्हाही तुमचं पहिलं वाक्य हेच होतं, की नोंद करणारीने घड्याळ बरोबरच पाहिलं होतं.

तुमचं आणखी एक बोलणं डोक्यात पक्कं बसलंय: जी तारीख अडते ती बरी, गुपचूप आत जाते ती घातक. महिना आधी धरणाऱ्या साच्यात २५/०४ लगेच अडते, पण ४ मे ची ०४/०५ बिनबोभाट ५ एप्रिल होऊन बसते. म्हणून बाहेरून आलेल्या फाइली आम्ही पुन्हा तपासल्या.

हुशार माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत. समोरच्याला मूर्ख न ठरवता मदत करणारी फार थोडी. ज्यांचं नाव कुठल्याच रिपोर्टवर येत नाही, त्यांच्या कामाचा मान राखून बोलणं ही सभ्यता मला कुठल्याही कौशल्याहून मोठी वाटते, आणि ती तुमच्यात आहे.

राहिलेल्या डोसांची यादी आता रोज निघते. ती पहिल्यांदा बरोबर आली, तेव्हा परिचारिकाबाईंनी 'त्या फोनवरच्या ताईंना सांगा' असा निरोप दिला होता. तो या पत्रातून पोचवतोय. आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

तुमचा,
नोंदी सांभाळणारा एक जण