बाळ्यास, चपड्याच्या वासावरून

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
१२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

आपल्या त्या फोनला दोन वर्षं चार महिने झाले. मोजलेत. मधल्या काळात तुला तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा ‘तब्येत कशी आहे’ इथंच अडलो. आमची सगळ्यांची बरी आहे. माझी साखर ताब्यात आहे.

परवा रात्री मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसलो होतो, हातात स्पिरिटचा बोळा. लाकडी जमिनीवरचं जुनं पॉलिश कसलं आहे ते ओळखायची ही साधी रीत आहे. स्पिरिटने चिकट झालं तर लाख, म्हणजे आपला चपडा, नाही झालं तर वॉर्निश किंवा हल्लीचं पॉलियुरेथेन. मिनिटभर चोळलं आणि बोट चिकटलं. आणि मग वास आला. बाळ्या, तुमच्या माडीचा वास. दिवाळीच्या आधीचा आठवडा, झोपाळ्याची पाटी भिंतीला टेकवलेली, अण्णांच्या हातात कापसाची पुरचुंडी, आणि जिन्यातून काकूंचा आवाज : ‘झोपाळ्याला सुवेर आलंय, दहा दिवस कुणी शिवू नका!’ आमच्या हिने विचारलं, काय झालं? तिला कुठून सांगायला सुरुवात करणार?

मुळापासून सांगतो. हे घर १९२६ सालचं. आम्ही घेतलं तेव्हा सगळीकडे गालिचे ठोकलेले होते. या उन्हाळ्यात ते उचकटले, तर खाली रेड ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या, शंभर वर्षांच्या. कारागिराने सांगितलेला आकडा ऐकून ठरवलं, आपणच करायचं. आधी शिशाची चाचणी केली, कारण इथे १९७८ पर्यंत घरांच्या रंगात शिसं चालायचं. जमिनीत नाही निघालं, पण दाराच्या चौकटींत निघालं. चौकटींना हात लावला नाही.

पुढच्या खोलीसाठी ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या रुळावर खरकागद लावून जमीन तासायचं यंत्र, भाड्याने आणला. धूड आहे नुसतं. त्याचा नियम एकच : चालता असतानाच ड्रम टेकवायचा आणि चालता असतानाच उचलायचा. जागेवर थांबला की लाकूड खातो. ३६ नंबरचा, म्हणजे जाडाभरडा, कागद लावलेला, आणि खिडकीपाशी दारावरची घंटा वाजली म्हणून मी क्षणभर थबकलो. तेवढ्यात वीतभर रुंदीचा खळगा पडला. आडवा हात फिरवला की लागतो, उजेड तिरका आला की दिसतो. तो आजूबाजूला पसरवून सपाट करण्यात दोन दिवस गेले. मग ६०, ८०, १००, असे बारीक होत जाणारे कागद. कडेला एजर, म्हणजे कडा घासायचं छोटं यंत्र, आणि कोपऱ्यांत, जिथे कुठलंच यंत्र पोचत नाही तिथे, पोटावर झोपून हाताने स्क्रेपर. अकरा दिवस. सकाळी उठताना पाठ सरळ करायला पलंगाचा काठ धरावा लागायचा. खोली सुंदर झाली आहे, खोटं कशाला बोलू. मधासारखी.

पण तो खळगा काढताना गरम हवेच्या झरोक्याची जाळी उचलून फळीची जाडी पाहिली, आणि तेव्हापासून झोप लागत नाही. ही फळी मुळात सहा सूत जाड (आठ सुतांचा इंच). पण तासायला सहा सूत नसतात. फळ्या एकमेकींत जीभ-खाचेने अडकवलेल्या, जिभेतून खिळे मारलेले. त्या जिभेच्या वरचं दोन सूत लाकूड, तेवढंच खरं भांडवल. एकदा यंत्र फिरलं की त्यातलं पाव सूत जातं. माझ्याआधी कुणीतरी दोन-तीनदा फिरवलेलं दिसतंय. पुढच्या खोलीत आता एक सूतही उरलेलं नाही, आणि त्यातलं बरंचसं मी, त्या एका घंटेपायी, घालवलं. आणखी एकदा तासलं तर खिळ्यांची डोकी वर येतील. शंभर वर्षं ज्यांनी राखलं त्यांच्या हिश्शातलं मी खाल्लं, असं रात्री वाटत राहतं. ही म्हणते, लाकूड आहे, माणूस नाही. तू असं म्हणणार नाहीस.

आणि तुमच्या जुन्या घराचं लाकूड तू विकलंस तेव्हा तुलाच मी काय म्हणालो होतो? फोनवर? ‘अण्णांच्या पायाखालची तक्तपोशी घनफुटाच्या भावाने विकलीस.’ तू म्हणालास, ‘ये आणि राख तू.’ आणि फोन ठेवलास. मला तेव्हा तो तुझा उर्मटपणा वाटला. बाळ्या, मी एका खोलीची अकरा दिवस सेवा केली आणि मोडून पडलो. तू वीस पावसाळे काढलेस. कौलं परतायला माणूस मिळायचा नाही, तुळयांना वाळवी, माडीवर पातेली मांडलेली, आणि वरून नाशिकचे काका हिश्शाच्या नोटिसा पाठवत होते. मी दर तीन वर्षांनी यायचो, झोपाळ्यावर बसायचो, फोटो काढायचो आणि तुला सांगायचो की काय राखलंयस! मला काही बोलायचा अधिकार नव्हता. ते वाक्य मी परत घेतो. फोनवर घ्यायला हवं होतं, पण तुझा आवाज ऐकून ते जमलं नसतं.

मागच्या खोलीत यंत्र आणणार नाही, हे परवा रात्रीच ठरलं. लाखेची गंमत अशी की नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, खरवडायची गरज पडत नाही. पॉलियुरेथेनचं तसं नाही, ते वर थर होऊन बसतं. टर्पेंटाइन आणि बारीक स्टीलवूलने मळ आणि मेण काढायचं (स्पिरिटने लाखच निघून येईल), खिडक्या सताड उघड्या, गॅसची शेगडी बंद (टर्पेंटाइन काय, स्पिरिट काय, दोन्हींची वाफ पेटते), आणि मग पातळ हात एकावर एक. रेडिएटरखाली पाण्याने काळे पडलेले डाग आहेत, ओकमधलं टॅनिन आणि खिळ्यांचं लोखंड मिळून होतात ते. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड लावलं. अर्धे गेले, अर्धे राहू दे. सगळे म्हणतात लाख पाणी सोसत नाही, पांढरे डाग पडतात. पडू देत. पुन्हा पुरचुंडी फिरवीन, अण्णा फिरवायचे तशी.

चपडा मागवला. पाकीट उघडलं तर त्याच केशरी पापड्या. पळस-कुसुमावरच्या किड्यांची लाख झारखंडातून निघून वूस्टरच्या जमिनीवरही आली आणि तुमच्या झोपाळ्यावरही. आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच, म्हणून तर ती एक खळ्ळकन फुटली. तूच बसला होतास तिच्यावर. तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो.

धाकटीची बारावी झाली असेल ना? कुठे जाणार? काकूंना नमस्कार सांग, त्यांचं मोतीबिंदूचं झालं का तेही कळव. तुझ्या नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे हे ऐकून बरं वाटलं.

आता कामाचं. इथली पुस्तकं म्हणतात गॅलनला दोन पौंड चपडा. मला ते नको. अण्णा त्या निळ्या बाटलीत रात्री भिजत घालायचे आणि सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे, एवढं मला आठवतं. पण बाटलीला किती तोळे, ते आठवत नाही. तराजू तू धरायचास. आणि जिन्यापाशीची ती सैल फळी, जिच्याखाली आपण पत्ते लपवायचो, ती विकण्याआधी काढून ठेवली होतीस का?

शनिवारपर्यंत कळव. रविवारी पहिला हात मारायचा आहे.

तुझा
बंड्या