वुपर्टालहून, कुर्त्यावरच्या रंगाबद्दल

आई-बाबा,
सा. न.

आई, आधी एक गोष्ट क्लिअर करते म्हणजे तू रात्री नीट झोपशील. माझी नोकरी चालू आहे, पगार वेळेवर होतोय आणि मी कुणाच्या घरी रंग द्यायला वगैरे जात नाही. परवा कॉलवर माझ्या मागे जे कपडे वाळत होते त्याच्यावरचे डाग माझ्याच जुन्या फ्लॅटच्या रंगाचे आहेत. आत्याने फॅमिली ग्रुपवर ‘एवढं शिकवून पोरगी तिकडे रंगारी झाली’ असं टाकलं ते मला लागलं. तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय. बाबा, आजीला वाचून दाखवा, फक्त साबणाचा भाग आला की पुढे जा, कळेल तुम्हाला का ते.

थंडी, ऑफिस, लटकती ट्रेन हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. जेवण करते. रोज करते.

तर इथली पद्धत. जर्मनीत भाड्याचं घर सोडताना भिंती रंगवून द्यायचं काम पुष्कळदा भाडेकरूवरच असतं, आणि घर घेताना पण गंमत अशी की बऱ्याच घरांत किचन नसतंच, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात, कारण आधीचा माणूस आपलं किचन खोलून बरोबर घेऊन गेलेला असतो आणि ते नव्या घरात परत बसवतो. माणूस बोलवायचा म्हटलं तर त्याचा तासाचा रेट वेगळा आणि आपल्या घरापर्यंत येण्याचे पैसे वेगळे. म्हणून इथे सगळेच स्वतः करतात. शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत बघायचं, डॉक्टर, मास्तर, बँकेतले साहेब, सगळे रंगाचे डाग पडलेल्या पँटी घालून ट्रॉल्या ढकलत असतात आणि कुणी कुणाकडे वळून बघत नाही. आत्याला हे नक्की वाचून दाखवा.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की हे कायद्यात आहे की मालक लुबाडतोय. मी नीट चौकशी केली होती. घर न रंगवता तुमच्या ताब्यात दिलं असेल आणि त्याची भरपाई पण दिली नसेल तर अॅग्रीमेंटमधली रंगवायची अट लागू होत नाही, असं इथल्या सर्वोच्च कोर्टाने 2015 मध्ये सांगितलंय. पण मला घर नवीन रंग देऊन मिळालं होतं, तसं कागदावर लिहून सह्या झाल्या होत्या. शिवाय तुम्हाला आवडलेली ती शेंदरी भिंत! भडक रंग तसाच ठेवून घर परत दिलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, हा पण त्याच कोर्टाचा निकाल आहे, 2013 चा. राहत असताना हवा तो रंग लावा, पण देताना साधा, सगळ्यांना चालेल असा पाहिजे. मला ते पटतं, पुढच्या माणसाने आपल्या आवडीत का राहायचं.

शेंदरीवर पांढरा म्हणजे काम किती ते सांगायला नको, एका हातात झाकलंच जात नाही. आणि भिंती पण आपल्यासारख्या पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या नव्हत्या, त्यावर लाकडाचा भुसा घातलेला जाड कागद होता, हाताला खरखरीत लागतो, तो जर्मनीत घराघरांत असतो आणि त्याच्यावरच रंगाचे थर चढवत राहतात. 1864 मध्ये ह्युगो एरफुर्ट नावाच्या इथल्याच एका फार्मासिस्टने तो काढला, वुपर्टालचाच शोध आहे. त्या खळग्यांत रंग भरायला रोलर दाबून फिरवावा लागतो आणि दाबला की तो शिंतोडे उडवतो, केसांत, चष्म्यावर, सगळीकडे.

त्यात रविवारचं प्रकरण. रविवारची शांतता इथे घटनेतच आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं कलम 1949 च्या घटनेत तसंच घेतलंय. दुकानं बंद, ड्रिल बंद, ठोकाठोक बंद. म्हणजे रंग, टेप, खिळे जे काय लागेल ते शनिवारीच आणायचं आणि आवाजाची सगळी कामं शनिवारीच उरकायची. त्या घाईत माझे सगळे कपडे खोक्यांत गेलेले आणि बाहेर राहिला होता तो आंबा कलरचा कुर्ता, राम मारुती रोडवरून आपण दोघींनी घेतलेला. आई, तू कॉलवर फार काही बोलली नाहीस पण नंतर बाबांना बोलली असशीलच. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर तो घातला होता ते मला पण आठवतं गं. ‘असले कपडे बोहारीण पण घेणार नाही’ एवढंच म्हणालीस, त्यात सगळं आलं.

त्याच्यावर दोन डाग आहेत. मागचा पांढरा भिंतीच्या रंगाचा. हा रंग पाण्यातला असतो, ओला असेपर्यंत नळाखाली जातो, पण कापड उलटं करून पाणी मागच्या बाजूने सोडायचं म्हणजे रंग आला त्या वाटेने बाहेर ढकलला जातो. पुढून चोळला की आत बसतो. वाळला की त्याचं प्लॅस्टिकच होतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने थोडं थोडं सोलवटत काढायचं, आणि डाग आहे तोवर गरम पाणी नाही, इस्त्री तर अजिबात नाही. ऑइलपेंट असेल तर पाण्याचा उपयोग नाही, त्याला तारपीन, ते बाबांना माहितीये.

दुसरा बाहीवरचा, तो जास्त दिसतो. किचनच्या कपाटाची पट्टी चिकटवताना फेव्हिक्विकसारख्या ग्लूचा थेंब बाहीवर पडला आणि बाही एकदम तापली, बारीक धूर आला. आई घाबरू नकोस, हात लगेच गार पाण्याखाली धरला, मनगटाजवळ नखाएवढं लाल झालं होतं, आता गेलंय, कॉलवर दाखवते. पण हे तुम्हाला सगळ्यांना सांगायचंच होतं, हा ग्लू सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की इतक्या झपाट्याने घट्ट होतो की उष्णता सुटते, माणूस भाजतो. म्हणून सांडला तर कापसाने किंवा फडक्याने पुसायला जायचं नाही. अंगाला कापड चिकटलं तर ओढायचं नाही, पाण्यात भिजवत सोडवायचं. वाळलेला ग्लू नेलपेंट रिमूव्हरमधल्या अॅसिटोनने हळूहळू सुटतो, पण काही अस्तरं अॅसिटेटची असतात, ती अॅसिटोनने विरघळतातच, तेव्हा आई तू आधी शिवणीच्या आतल्या कोपऱ्यावर लावून बघ.

खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात, त्यांनी मला एक वडी आणून दिली, डागाचा साबण, इथल्या घराघरांत असतो. तेलकट आणि ताज्या डागांना खरंच चांगला आहे, डाग ओला करून चोळायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि मग नेहमीसारखं धुवायचं. त्यात बैलाचं पित्त असतं. (बाबा, हाच तो भाग.) पित्त जसं पोटात तूप-तेल फोडतं तसंच कपड्यावर करतं. वाळलेल्या रंगाला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण त्या बाई स्वतः जिना चढून आल्या, सिंकपाशी उभं राहून चोळायचं कसं ते दाखवलं, मला फार बरं वाटलं. देवाच्या वस्त्रांना तो साबण कधीच लावणार नाही, हे आजीला सांगायचंच झालं तर सांगा.

आणि आई, रंगात कपडे खराब होणं आपल्या घरात नवीन आहे का? बाबांचा मखराचा शर्ट आठव. दरवर्षीचा फेव्हिकॉल, सोनेरी रंग, एका खांद्यावर निळा आकाशाचा. थर्माकोलला फेव्हिक्विक चालत नाही, ते थर्माकोल खातं, फेव्हिकॉलच लावायचा, हे मला बाबांनीच शिकवलं, आणि 2018 ला थर्माकोल बंद झाल्यावर पुठ्ठ्यावर पण त्याच शर्टात बसले. त्या शर्टाला तू कधी गरिबी म्हणाली नाहीस. माझ्या कुर्त्याला पण म्हणू नकोस. यंदा मखराला मी नाही, सुट्टी शिफ्टिंगमध्ये संपली, हे लिहायला मला दोनदा उठावं लागलं. बाबा, दादाला बरोबर घ्या, एकटे स्टुलावर चढू नका.

स्टुलावरून आठवलं. बेडरूमच्या भिंतीचे पोपडे तुम्ही स्वतः काढायचं म्हणताय, ते नको. आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग होऊ दे, सोसायटीला लेखी द्या. ओल असताना रंग लावला तर परत पोपडे येणारच, तेव्हा पावसाळा संपून भिंत पूर्ण वाळली की मगच. आणि दारांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. रंगात शिसं 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) आत पाहिजे हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आपली दारं त्याच्या कितीतरी आधीची, ती धूळ नाकात जायला नको, ओलं करूनच घासायला सांगा. माझं इथलं डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, एक पैसा कापला नाही, त्यातले 70,000 बाबांच्या खात्यात टाकतेय, ते पेंटरसाठीच आहेत. एफडी करू नका. सोसायटीचं कॉन्ट्रिब्युशन किती लागतंय ते वेगळं कळवा, मी देते, दादावर टाकू नका, त्याच्या गाडीचा हप्ता चालू आहे.

शेवटचं. दोरीवर कुर्त्याच्या शेजारी जो जेन्ट्सचा टी-शर्ट होता, ज्याच्याबद्दल तू विचारलं नाहीस पण आत्याने बरोबर विचारलं. तो माझ्याबरोबर रंग द्यायला आलेल्या मुलाचा आहे. नाशिकचा आहे, माझ्याच ऑफिसात, दुसऱ्या टीममध्ये. खिडकीच्या फटीत फुगणारा फोम भरताना त्याची जीन्स पार गेली, तो फोम एकदा वाळला की कशानेच निघत नाही, आणि तो एका शब्दाने कुरकुरला नाही, उलट शेंदरी भिंतीचा शेवटचा हात मला बसवून त्याने एकट्याने मारला. त्याच्या घरी माझ्याबद्दल माहिती आहे. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं असं तू म्हणशील, पण मला स्वतःला खात्री झाल्याशिवाय तुम्हाला आशेला लावायचं नव्हतं. आत्याला म्हणावं मुलुंडच्या स्थळाला शब्द देऊ नकोस, प्लीज, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. पत्रिका-बित्रिका नंतर बघू, आधी तुम्ही त्याच्याशी बोला. रविवारी तुमची जेवणं झाली की फोन करते, तोपण असेल. बाबांना त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नकोस, आणि पैसे जमा झाले की लगेच मेसेज करा.

तुमची,
छोटी