'विघटन झालं' म्हणजे नक्की काय झालं?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्लास्टिक खाणारे किडे, प्लास्टिक संपवणारे जिवाणू अशा बातम्या अधूनमधून येतात आणि मी त्या आवर्जून वाचतो, पण दरवेळी एकच खटकतं, 'विघटन झालं' एवढं लिहून बातमी संपते आणि ते कशावरून ठरवलं हे कुणी सांगतच नाही. लॅबमध्ये रोज हेच काम करतो म्हणून आज राहवलं नाही.

वर्षानुवर्षं उन्हात पडलेली बादली घ्या. रंग उडालेला असतो, बोटाला पांढरी भुकटी लागते, उचलायला गेलं की काठच तुटून हातात येतो. लोक म्हणतात कुजली. अहो कुजली नाही, तिचे फक्त तुकडे झाले! अशाच एका बादलीचा नखाएवढा तुकडा मी इन्फ्रारेड मशीनवर (पदार्थात कोणते रासायनिक बंध आहेत ते ग्राफवर दाखवणारं यंत्र) दाबून बघितला, तर नव्या प्लास्टिकच्या ग्राफमध्ये १७१५ (तरंगसंख्या, प्रति सेंटिमीटर) च्या आसपास जिथे जवळपास सपाट रेघ असते तिथे चांगला उंचवटा आलेला. म्हणजे ऊन आणि हवेमुळे पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूच्या साखळीत ऑक्सिजन शिरला, कार्बोनिल ग्रुप (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) तयार झाले, साखळ्या तुटल्या म्हणून प्लास्टिक ठिसूळ झालं. तोच तुकडा आडवा कापून मधला भाग तपासला तर उंचवटा अगदीच बारीक, कारण हे सगळं वरच्या थरातच जास्त होतं.

पण नुसत्या ग्राफवर विसंबूनही चालत नाही. २०१७ मध्ये मेणकिड्याच्या अळ्या पॉलिथिन पचवतात अशी मोठी बातमी झाली होती, त्यात चिरडलेल्या अळ्यांचा लगदा प्लास्टिकला लावून इन्फ्रारेड ग्राफ काढलेला. त्यावर दुसऱ्या केमिस्ट लोकांनी आक्षेप घेतला की असे उंचवटे अळीच्या अंगातल्या प्रोटीन आणि चरबीचेही असू शकतात. आता वजन घटलं म्हणाल तर भुगा गळून पडला तरी वजन घटतंच की.

खरी खात्री कार्बनचा माग काढल्यावर होते. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पीबीएटी नावाचं प्लास्टिक कार्बन-१३ ची (कार्बनचा थोडा जड, वेगळा ओळखता येणारा प्रकार) खूण घालून मातीत ठेवलं, आणि तो खुणेचा कार्बन नंतर कार्बन डायऑक्साइडमध्ये तर सापडलाच, शिवाय मातीतल्या बुरशीच्या पेशींमध्येही सापडला. याला म्हणायचं पचलं! बादलीच्या भुकटीचं तसं नाही, ती ५ मिलिमीटरहून लहान मायक्रोप्लास्टिक होऊन माती-पाण्यात तशीच राहते, फक्त आपल्या डोळ्यांना दिसेनाशी होते, आणि नेमकं तेव्हाच आपण ती संपली असं धरून चालतो याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून कळकळीची विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी छापताना एक ओळ वाढवा, की नक्की काय मोजलं होतं, वजन, साखळीची लांबी, की बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि किती दिवस मोजलं.

आपला,
एक नियमित वाचक