न कापलेल्या पायांची बातमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा अगदी जवळचा मित्र गेला. डॉक्टर होता, शुगरचे पेशंट बघायचा. मोठं ऑपरेशन झालं की बातमी होते पण एखाद्याचा पाय कापायची वेळच आली नाही याची बातमी कोण करणार, म्हणून हे पत्र.

पेशंट आला की रिपोर्ट हातात घ्यायच्या आधी तो चपला-मोजे काढायला लावायचा. डॉक्टर आपल्या पायाला हात लावणार म्हटल्यावर लोकांना कसंतरीच व्हायचं, काही जण तर पाय मागेच ओढायचे. हा आपला खाली स्टुलावर बसून बोटांच्या बेचक्या बघणार, टाचेच्या भेगा बघणार, मग नायलॉनचा तो बारीक तंतू काढणार, 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. पेशंटने डोळे मिटायचे, हा तळव्यावर तंतू टेकवून वाकेपर्यंत दाबणार आणि कळलं की पेशंटने हो म्हणायचं. कितीदा तरी तंतू वाकायचा आणि पेशंट गप्पच.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, पाय बधिर पडतात, रक्तपुरवठाही कमी होतो, मग बुटात खडा गेला काय नि चटका बसला काय, दुखतच नाही, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही आणि जखम चिघळत जाते. दुखतंय म्हणणाऱ्यांची मला कमी काळजी वाटते, असं तो म्हणायचा.

मग प्रत्येकाला तेच सांगणं, रोज पाय बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा, कुरूप ब्लेडने कापू नका, पाणी किती गरम आहे ते कोपराने बघा. बाहेर ही रांग! अरे छापून दे की एकदाचं, असं मी म्हणायचो, तर म्हणे कागद ड्रॉवरमध्ये जातो. मित्र म्हणून कौतुक करतोय असं वाटेल कुणाला, वाटू दे, एवढ्या चिकाटीने पाय बघणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याचं नाव छापायची गरज नाही. आरोग्याच्या पानावर तुम्ही डाएटवर भरपूर देता, एकदा या तपासणीवरही द्या, शुगरच्या प्रत्येक पेशंटची ती वर्षातून निदान एकदा व्हायलाच हवी आणि डॉक्टरांनी नाही केली तर आपणच मोजे काढून पाय पुढे करावेत, हेही लिहा.

आपला,
एक नियमित वाचक